गुडघ्याखालचा पट्टा

"मावशी, हा उसवा."

तारवाल्याने पिवळा पट्टा मशिनशेजारच्या टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून बसला. पट्टा वाळून कडक झाला होता. शिवणीच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटली होती.

"उसवू? अरे, कालच तर चौकशीवाल्यांनी पास केला. एक टाका हललेला नाही म्हणाले."

"तरी उसवा. माझ्यासमोर."

दोरामावशीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तीन दिवसांची दाढी वाढलेली, ओठ खाऱ्या वाऱ्याने फुटलेले. तिने खण उघडला. लहान कात्री घेतली आणि टाका टाका कापायला लागली. पाच पदरी शिवण, उलटसुलट घातलेली. अर्ध्या तासाने पट्ट्याच्या सगळ्या पट्ट्या सुट्या होऊन टेबलावर पडल्या. आत काही नव्हतं. गाठ नव्हती, घडी नव्हती, छातीला रुतेल असं काहीच नव्हतं.

"बघ," ती म्हणाली.

त्याने एकेक पट्टी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "मग तो मेला कशाने?"

कारखान्यात तिला सगळे दोरामावशी म्हणत, कारण खांद्यावर, केसांत, कोपराला कुठे ना कुठे दोऱ्याचा तुकडा चिकटलेला असायचाच. सव्वीस वर्षं ती शिवण विभागात होती. हेलिकॉप्टर म्हणजे पंखा आणि इंजिन असं लोकांना वाटतं. पण आसनांचे पट्टे, स्ट्रेचरचं कापड, सामानाची जाळी, दाराच्या कडेचं मऊ अस्तर हे सगळं कोणीतरी शिवावंच लागतं. एका हेलिकॉप्टरमध्ये सातशे मीटर शिवण जाते असा हिशोब तिने एकदा फावल्या वेळात काढला होता आणि घरी जाऊन आईला सांगितला होता.

"म्हणजे तू शिवतेस म्हणून ते उडतं," आई म्हणाली होती.

"उडतं नाही गं. आतलं सांडत नाही, एवढंच."

गेली सहा वर्षं कारखान्यात एकाच कामाचा ध्यास होता. समुद्रावर हरवलेली माणसं शोधून उचलून आणेल असं हेलिकॉप्टर लष्कराला हवं होतं. मुळापासून नवं बनवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून सामान वाहणारं जुनं मॉडेल घेतलं. त्याचं दार रुंद केलं, लांबवर जाता यावं म्हणून इंधनाची जादा टाकी बसवली, नाकाखाली शोधाचा दिवा लावला आणि दारावर विंच बसवला. विंचमधून पोलादी तार सुटायची, तारेच्या टोकाला हुक, हुकाला पट्टा. त्या तारेवरून खाली जाऊन पाण्यातल्या माणसाच्या काखेखालून पट्टा घालायचा आणि त्याच्याबरोबर वर यायचं, हे ज्याचं काम, तो तारवाला. हे नाव पडलं तेव्हा शिवण विभागातल्या एका म्हाताऱ्या बाईने नाक मुरडलं होतं. "पूर्वी तारवाला दारात आला की घरात रडारड व्हायची."

"मी उलटा तारवाला," तो हसून म्हणाला होता. "मी माणसं परत आणतो."

पहिली दोन हेलिकॉप्टर तपासणीतच झिजली. तिसरं चाचणीसाठी समुद्रावर फिरत असताना जवळच एक मासेमारी बोट उलटल्याचा निरोप आला. लष्कराने अजून ते ताब्यात घेतलेलं नव्हतं, पण दुसरं कोणी तासाभरात पोचणार नव्हतं. वैमानिकाने परवानगी मागितली आणि मिळायच्या आत हेलिकॉप्टर वळवलं. पाण्यात तिघे होते. दोघे वर आले, ब्लँकेटात गुंडाळले गेले, वाचले. तिसरा वर आला तो गेलेलाच.

"तो बोलत होता मावशी," तारवाला सांगत होता. सुटलेली एक पट्टी त्याने बोटाभोवती गुंडाळली होती. "पाण्यात माझ्याशी बोलला. मी म्हटलं, दमलास का? तर म्हणतो, नाही, पोहायलाच आलो होतो. थट्टा केली त्याने! मी पट्टा घातला, वर हात केला, तार ओढली गेली. पाण्याबाहेर निघालो तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. अर्ध्या वाटेत त्याची मान पडली. दारात पोचलो तोवर खलास."

"पाणी गेलं असेल पोटात."

"नाही. मग मला वाटलं, पट्टा आवळला असेल छातीला. म्हणून उसवायला सांगितला. आता तेही नाही." तो उठला. "चांगलं झालं म्हणायचं. तुमचा दोष नाही, माझा दोष नाही. कोणाचाच नाही."

तो गेल्यावर मावशीने सुटलेल्या पट्ट्या गोळा केल्या. टाकून द्याव्यात असं तिच्या मनात आलं, पण हात होईना. तिने त्या खणात ठेवल्या.

*

घरी आई आणि ती, दोघीच. भाऊ दूरगावी, सणावारी फोन करणारा. मावशीचं लग्न झालं होतं आणि सात वर्षांत मोडलंही होतं. त्याबद्दल आता दोघीही बोलत नसत. दोन वर्षांपूर्वी आई पडली, खुबा मोडला, तेव्हापासून पलंग, खुर्ची आणि बाथरूम एवढंच तिचं जग. वजन उतरत उतरत सदतीस किलोवर आलं होतं. जीभ मात्र पूर्वीसारखीच होती.

त्या संध्याकाळी मावशी दमून आली होती. आईला आंघोळ घातली, अंग पुसलं आणि स्टुलावरून उठवताना, लक्ष भलतीकडेच असल्याने, तिने आईला काखेत हात घालून सरळ वर उचललं. आई उभी झाली. मावशीला तिचा चेहरा खांद्याशी दिसत होता. एकदम त्यावरचा रंग उतरला, डोळे फिरले, आणि सगळं शरीर ओल्या चादरीसारखं खाली घरंगळायला लागलं.

"आई! अगं आई!"

तिने आईला तशीच जमिनीवर आडवी केली, पाय उचलून स्टुलावर ठेवले. मिनिटभर काही नाही. बाहेर नळाखालच्या बादलीत थेंब पडत होते, ते तिने मोजले. एकतीस झाले तेव्हा आईने डोळे उघडले.

"काय गं, पडले का मी?"

"नाही. झोपवलं तुला."

"बाथरूममध्ये?" आईने छताकडे पाहिलं. "काखेत धरलंस तू. भरलेली गोणी उचलावी तशी. रोज नाही अशी धरत."

रोज ती एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून, बसल्या अवस्थेत आईला उचलायची. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सने तसं शिकवलं होतं. फार दिवस निजून असलेल्या माणसाला एकदम उभं करू नका, रक्त पायात उतरतं, असं ती म्हणाली होती. मावशीने ते लक्षात ठेवलं होतं आणि त्याची सवयही केली होती. आज पहिल्यांदाच चुकलं.

पाठीखाली हात घालून तिने आईला उचललं. गुडघ्यांखालून दुसरा हात घातला आणि ती थबकली. आई तिच्या हातांवर होती, पायांतून पाणी निथळत होतं.

"आता काय झालं?" आई म्हणाली. "थंडी वाजतेय मला."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हँगरमध्ये गेली. इंजिनियरसाहेब चौथ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीखाली उताणे पडले होते. लष्कराची अंतिम तपासणी पाच आठवड्यांवर आली होती. हा माणूस गेल्या सहा वर्षांत दोनदा रजेवर गेला होता आणि दोन्ही वेळा परत बोलावला गेला होता.

"साहेब, दोन मिनिटं."

"बोला, मावशी. मी ऐकतोय."

तिने सांगितलं. आईची मूर्च्छा, काखेत धरणं, गुडघ्याखाली हात. उभ्याने सांगताना तिला स्वतःलाच ते पोरकट वाटायला लागलं. शेपटीखालून फक्त पान्याचा आवाज येत होता. मग साहेब बाहेर आले आणि बसूनच हात पुसायला लागले.

"म्हणजे तुमचं म्हणणं, तो माणूस चक्कर येऊन मेला?"

"माझं म्हणणं एवढंच की त्याला उभा उचलला."

"सगळ्यांना उभंच उचलतात. वर्षानुवर्षं. बाकीचे दोघे वाचले ना?"

"ते तरणे होते. पाण्यातही थोडा वेळच होते. हा शेवटी निघाला."

"मावशी," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "जाडोबावर दोनशे वेळा चाचणी झालीय या पट्ट्याची. आता आडवा माणूस उचलायचा म्हटलं तर दार पुरणार नाही. दार बदललं की सांगाडा बदलावा लागेल. सांगाडा बदलला की वर्ष गेलं. आणि हे यंत्रच त्यांनी नाकारलं तर? मग उभाही कोणी निघणार नाही पाण्यातून."

जाडोबा म्हणजे ऐंशी किलोचा वाळूचा पुतळा. त्याला चेहरा नव्हता, म्हणून कोणीतरी खडूने मिशा काढल्या होत्या.

"जाडोबाच्या अंगात रक्त नाही, साहेब," मावशी म्हणाली. "तो कसा मरेल?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि पुन्हा शेपटीखाली सरकले. "डॉक्टरबाईंना विचारा," आतून आवाज आला. "त्या हो म्हणाल्या तर मग बघू."

लष्करी डॉक्टरबाई आठवड्यातून एक दिवस कारखान्यात येत. वैमानिकांचे कान, डोळे, रक्तदाब तपासत. मावशी रांगेत बसली. दारावरच्या शिपायाने दोनदा विचारलं, "तुम्ही वैमानिक आहात का?" दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "हो, शिवणयंत्राची," आणि त्याने तिला आत सोडलं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आईला उचलते ना रोज."

डॉक्टरबाई उठून खिडकीपाशी गेल्या. "त्याला तपासल्यापासून माझ्या मनात हेच घोळतंय," त्या म्हणाल्या. "फुप्फुसात पाणी नव्हतं. कुठे मार नव्हता. असं बघा, माणूस गार पाण्यात असतो तेव्हा पाणी त्याला सगळीकडून दाबून धरतं. पाय, पोट, सगळं. त्यामुळे रक्त वर राहतं, हृदयाजवळ. पाणीच त्याला धरून असतं म्हणा ना. आपण त्याला सरळ उभा बाहेर काढतो. एका क्षणात ते धरणं सुटतं. रक्त पायात उतरतं आणि गारठलेलं हृदय थांबतं."

"म्हणजे पाण्याने धरलं होतं," मावशी हळूच म्हणाली, "आणि आपण सोडवलं."

"दोष कोणाचा नाही. माहीत नव्हतं."

"ते त्या पोराला सांगाल का तुम्ही? तारवाल्याला? माझ्या सांगण्याने नाही पटायचं. तो म्हणेल, मावशी समजूत घालतेय."

डॉक्टरबाईंनी तारवाल्याला सांगितलं. तो ऐकून बाहेर आला. मग शिवण विभागात येऊन स्टुलावर बसला. "काय शिवायचंय?" म्हणाला.

*

दुसरा पट्टा शिवायला सोपा वाटला होता. पहिला पट्टा काखेखाली, दुसरा गुडघ्यांखाली, दोन्ही एकाच हुकात. माणूस खुर्चीत बसल्यासारखा वर येईल. कागदावर दहा मिनिटांचं काम. पण पाण्यात, लाटांत, बधिर बोटांनी तो गुडघ्यांखालून घालायचा कसा? मावशीने कडेला जाड दोर भरला, म्हणजे पट्ट्याचं तोंड आपोआप उघडं राहील. तरंगावा म्हणून आत फोम घातला. हुकाच्या टोकाला लाल कापड लावलं, कारण तारवाला म्हणाला, फेसात पिवळा दिसतच नाही.

"आता कोणावर बघायचं?" त्याने विचारलं. "जाडोबाचे गुडघे वाकत नाहीत."

"रविवारी घरी ये," मावशी म्हणाली.

तो रविवारी दुपारी आला. दारात चपला काढताना डोकं चौकटीला आपटून घेतलं. आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा का तो, लोकांना पाण्यातून काढणारा?"

"हो आजी."

"मी पाण्यात नाहीये."

"माहीत आहे, आजी. पण तुमच्यासारखं हलकं माणूस मिळत नाही."

"तरणी होते तेव्हा कोणी उचललं नाही," आई म्हणाली. "आता सगळे यायला लागले."

दोन्ही पट्टे तिला घातले. तारवाला एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला, आणि वरचं कडं दोघांनी धरलं. "तीन म्हटलं की," तो म्हणाला. आई पलंगावरून अलगद वर आली. पाय पुढे, पाठ मागे, पाळण्यात बसल्यासारखी. मावशी तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती. ओठ गुलाबीच राहिले.

"कसं वाटतंय?"

"गुडघ्यामागे काचतंय. तिथली कातडी पापुद्र्यासारखी असते गं, तुला काय कळणार. तिथे काहीतरी मऊ लाव." मग तिने मान वळवली. "आता उचललंच आहे तर खिडकीशी न्या."

खिडकी पलंगाच्या पायथ्याकडे होती. तिथून खालचा चौक दिसायचा. त्यांनी तिला तिथवर नेलं. ती बघत राहिली. खाली एक माणूस सायकलचं चाक फिरवून बघत होता, एक बाई गॅलरीत चादर झटकत होती. दोघांचे खांदे भरून आले, घाम सुटला, पण कडं कोणी खाली घेतलं नाही.

"समोरच्या घराला निळा रंग दिला," अखेर आई म्हणाली. "कोणी सांगितलं नाही मला."

तिथून तिला बाथरूमला नेताना अरुंद बोळात ते अडकले. तारवाला गोंधळला. "आधी पाय," मावशी म्हणाली. "पाय आत घाल, मग थोडी वळव. बाकीची आपोआप येते." आणि आली.

त्या संध्याकाळी मावशीने पट्ट्याला आतून लोकरी अस्तर लावलं. आईने दोनदा बोट फिरवून बघितलं आणि पास केलं.

*

हँगरमधल्या चाचणीला सगळे जमले होते. छताच्या क्रेनला तार बांधलेली, दहा मीटर उंचीवर लाकडी मचाण, आणि त्यावर हेलिकॉप्टरच्या दाराची हुबेहूब चौकट. इंजिनियरसाहेब हातात घड्याळ घेऊन उभे. प्रश्न एकच होता: आडव्या माणसाला या दारातून आत घेता येतं का? सकाळपासून तीन सैनिक लटकून झाले होते. प्रत्येक वेळी वर पोचले की गुडघे एका बाजूला, डोकं दुसऱ्या बाजूला, आणि मधला माणूस चौकटीत अडकायचा. चौथ्या वेळी साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं.

"झालं. प्रयत्न केला आपण," ते म्हणाले.

"साहेब, मला लटकवा," मावशी म्हणाली.

हँगर हसला. ती हसली नाही. तिला उंचीची भीती होती. घरी दिव्याचा बल्ब बदलायलाही ती शेजारणीला बोलवायची. सव्वीस वर्षांत ती एकाही हेलिकॉप्टरमध्ये चढली नव्हती, आसनांचं मापसुद्धा जमिनीवर उभं राहूनच घ्यायची.

"मावशी, तुम्ही सत्तावन्न वर्षांच्या आहात."

"बुडणारे काय सगळे पंचविशीतले असतात?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझ्या जबाबदारीवर." तारवाल्याने पट्टे बांधले, तिच्या कानाशी म्हणाला, "खाली बघू नका. माझ्याकडे बघा," आणि तो मचाणावर चढला.

तार ताणली. जमीन सुटली. मावशीने डोळे मिटले, मग आठवलं की आपण इथे बघायला आलोय, आणि उघडले. पाय समोर तरंगत होते. पाठीला पट्टा, गुडघ्याला पट्टा. शरीराचं वजन कुठे एका जागी नव्हतं, सगळीकडे सारखं वाटलं गेलं होतं. आईला रोज असं वाटत असेल, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्याच्या हातावर पडून राहायचं आणि विश्वास ठेवायचा.

चौकट समोर आली. तारवाल्याने सवयीने तिचे खांदे धरले.

"खांदे नको!" ती ओरडली. "आधी पाय! बोळात नेलंस तसं!"

त्याला क्षणात कळलं. त्याने खांदे सोडले, गुडघ्याचा पट्टा धरून पाय आत ओढले, तिला हलकेच वळवलं, आणि ती दारातून आत आली. मचाणाच्या फळ्यांवर ती आडवी पडली तेव्हा खाली कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब खालून ओरडले, "पुन्हा!"

तिला सहा वेळा उचलण्यात आलं. सहाही वेळा ती आत गेली. सहाव्या वेळेनंतर साहेब स्वतः मचाणावर चढून आले, चौकटीच्या दोन्ही कडांवरून हात फिरवला.

"दार नाही बदलायचं," ते स्वतःशीच म्हणाले. मग तिला म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी उठून उभं राहून ऐकायला हवं होतं."

"तुम्ही कामात होता."

"तुम्हीही कामातच होता," साहेब म्हणाले.

*

अंतिम तपासणीच्या नऊ दिवस आधी आई गेली. दुपारची वेळ होती. शेजारीण जेवण घेऊन आली तर आई खिडकीकडे तोंड करून निजलेली. मावशीला कारखान्यात निरोप मिळाला तेव्हा ती विसाव्या पट्ट्याचं अस्तर लावत होती. तिने यंत्र थांबवलं, सुई वर घेतली, कापड काढून घडी केलं. मग घरी गेली.

भाऊ आला, चार दिवस राहिला, गेला. पाचव्या दिवशी मावशी कामावर आली. तारवाला रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन स्टुलावर बसायचा, डबा खायचा आणि जायचा. एकदा फक्त म्हणाला, "आजींनी त्या दिवशी मला विचारलं होतं, पगार पुरतो का म्हणून. मी म्हटलं, पुरतो. तर म्हणाल्या, मग लग्न का नाही करत?"

मावशी हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि त्याने डबा बाजूला ठेवून तिला रडू दिलं.

घरी जाऊन तिला सगळ्यात जड गेले ते हात. सहा वाजले की हात वाट बघायचे. आंघोळीचं पाणी तापवायची वेळ, उचलायची वेळ. तिने पलंग भिंतीशी सरकवला, पुन्हा जागेवर आणला. आता तिला चारचौघींसारखं पाठ टेकून बसायला वेळ होता आणि बसवत नव्हतं.

तपासणी पार पडली. लष्कराच्या अधिकाऱ्यांनी दोन दिवस हेलिकॉप्टर पिळून काढलं. इंजिन, टाक्या, दिवा, विंच. अहवालात चाळीस पानं होती. गुडघ्याखालच्या पट्ट्यावर दोन ओळी: वापरास योग्य, सर्व यंत्रांत बसवावा. साहेबांनी त्या दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारून ते पान शिवण विभागात पाठवलं.

पुढच्या हिवाळ्यात एक मालवाहू बोट खडकावर फुटली. हेलिकॉप्टरने अकरा माणसं उचलली. अकरावा बोटीवरचा म्हातारा आचारी. पावणेदोन तास पाण्यात होता, बोलणं थांबलं होतं, डोळे अर्धवट मिटले होते. तारवाल्याने त्याला दोन्ही पट्ट्यांत घालून, पाळण्यातल्यासारखा वर आणला. आधी पाय आत. दवाखान्यात पोचला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, पण श्वास चालू होता. तिसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला.

दोन महिन्यांनी तो कारखान्यात आला. लेक आणि जावई बरोबर होते. साहेबांनी त्याला हेलिकॉप्टर दाखवलं, वैमानिकाशी हात मिळवायला लावला. त्याला फारसं काही आठवत नव्हतं. "पंख्याचा आवाज आठवतो," तो म्हणाला. "आणि कोणीतरी माझ्या बुटांना शिव्या देत होतं."

"मीच," तारवाला म्हणाला. "पाण्याने भरले होते. पाच पाच किलोचे झाले होते."

मग तो त्याला शिवण विभागात घेऊन आला. "ही आमची मावशी," एवढंच म्हणाला.

म्हातारा दारात उभा राहिला. त्याने भिंतीशी ओळीने टांगलेले पिवळे पट्टे पाहिले, मशिन पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. तिचं लक्ष त्याच्या कोटाकडे गेलं. कोट त्याच्या मापाचा नव्हता, आणि छातीवरचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"जावयाचा आहे," तो ओशाळून म्हणाला. "फोटो काढणार म्हणाले, म्हणून घातला."

"बसा. लावून देते."

तो कोट काढायला लागला, पण उजवा खांदा खडकावर आपटल्यापासून हात नीट वर जात नव्हता. बाही अर्ध्यावर अडली.

"राहू द्या," मावशी म्हणाली. "अंगावरच लावते. हलू नका फक्त."

तो स्टुलावर ताठ बसला. तिने सुईत काळा दोरा ओवला, त्याच्यासमोर बसली आणि कोटाची कड दोन बोटांत धरली. म्हाताऱ्याचा श्वास जरा घरघरत होता. प्रत्येक श्वासाला बटण तिच्या बोटांखाली वर यायचं, खाली जायचं. ते वर आलं की ती थांबायची, आणि खाली गेलं की टाका घालायची.